झडप कुणाचं ऐकते?

मराठीत 'झडप' या शब्दाला दोन अर्थ आहेत. घार कोंबडीच्या पिल्लावर घालते ती झडप, आणि उघडमीट करणारी फळी तीही झडप. परिभाषा करणाऱ्यांनी 'व्हॉल्व्ह'साठी हा शब्द निवडला तेव्हा त्यांच्या मनात अर्थातच दुसरा अर्थ होता. पण ज्यांनी बॉयलरवरची सुरक्षा-झडप उघडताना जवळून पाहिली आहे, त्यांना पहिला अर्थही पटेल. आवाज इतका मोठा आणि अचानक असतो की माहीत असूनही माणूस दोन पावलं मागे सरतो. कारखान्यात तिला कुणी झडप म्हणत नाही. तिथे नुसतं 'सेफ्टी' म्हणतात. 'सेफ्टी उडाली' एवढं ऐकलं की सगळ्यांना कळतं.

मी बरीच वर्षं रासायनिक कारखान्यांत काढली. पंप, कॉम्प्रेसर, रिअ‍ॅक्टर यांच्याबद्दल तिथे माणसं हौसेने बोलतात. व्हॉल्व्हबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पाइपाच्या मधोमध बसलेला तो एक लोखंडी गोळा. पण यंत्रयुगाचा इतिहास वाचताना मला वाटत गेलं, की यंत्राचं आणि माणसाचं नातं जितकं उघडपणे व्हॉल्व्हमध्ये दिसतं तितकं दुसऱ्या कुठल्याच भागात दिसत नाही. फक्त प्रत्येक झडपेला एक साधा प्रश्न विचारायचा: तू कुणाचं ऐकतेस?

तीन कुळं

पहिलं कूळ हाताचं ऐकणाऱ्या झडपांचं. गेट व्हॉल्व्हमध्ये एक पाचर असते. चाक फिरवलं की ती वर उचलली जाते आणि प्रवाहाला वाट पूर्ण मोकळी होते. हा व्हॉल्व्ह एकतर पूर्ण उघडायचा नाहीतर पूर्ण मिटायचा. अर्धवट ठेवला तर पाचर प्रवाहात थरथरते, तिची कड झिजते, आणि मग तो कधीच नीट बंद होत नाही. प्रवाह कमी-जास्त करायचा असेल तर ग्लोब व्हॉल्व्ह. त्याच्या पोटात आडवी भिंत, भिंतीला भोक आणि भोकावर वरून बसणारी तबकडी असते. पाण्याला आत नागमोडी वळण घ्यावं लागतं, दाब खर्ची पडतो, पण नियंत्रण हातात राहतं. बॉल व्हॉल्व्हमध्ये आरपार भोक पाडलेला गोळा असतो. दांडा पाइपच्या रेषेत असला की चालू, आडवा असला की बंद. बटरफ्लाय व्हॉल्व्हमध्ये नळीएवढी गोल चकती मधल्या दांड्यावर पाव वळण घेते, म्हणून मोठ्या व्यासाच्या वाहिन्यांना तो परवडतो. मुंबईत रोज कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी मिळणार हे ठरतं ते अशाच जमिनीखालच्या झडपांवर, आणि लांब दांड्याची चावी घेऊन त्या फिरवणाऱ्या महापालिकेच्या कामगाराला लोक 'चावीवाला' म्हणतात. या कुळातली झडप स्वतः काही ठरवत नाही. चावी ज्याच्या हातात, त्याची ती.

दुसरं कूळ दिशेचं ऐकतं. पाणी एका बाजूने आलं तर उघडायचं, उलट फिरलं तर मिटायचं, एवढंच त्याला कळतं. विहिरीतल्या पाइपच्या तळाशी शेतकरी जो 'फुटवॉल' बसवतात तो याच जातीचा. तो गळका झाला की पाइपातलं पाणी उतरतं आणि पंपात पुन्हा पाणी भरत बसावं लागतं. ही कल्पना फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातल्या क्टेसिबियसने दोन नळकांड्यांचा पितळी पंप केला, त्यात अशा झडपा होत्या. रोमन स्थापत्यकार विट्रुव्हियसने त्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. त्याहून जुना नमुना आपल्या छातीत आहे. हृदयातल्या चार झडपा पुढच्या-मागच्या दाबातल्या फरकावर दिवसाला साधारण एक लाख वेळा उघडतात आणि मिटतात. त्यांपैकी एखादी निकामी झाली तर बदलता यावी, आणि तीही भारतीय रुग्णाला परवडेल अशी, म्हणून त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या पुढाकाराने तिरप्या तबकडीची एक झडप विकसित झाली. डिसेंबर १९९०मध्ये ती पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसवली गेली.

तिसरं कूळ सेफ्टीचं. ही दाबाचं ऐकते. ठरलेल्या आकड्यापर्यंत घट्ट मिटून बसायचं आणि आकडा ओलांडला की कुणालाही न विचारता उघडायचं. माणसाला झोप लागेल, तो विसरेल, घाबरेल, लोभात पडेल, हे गृहीत धरून ती केलेली आहे. म्हणजे माणसाचं ऐकायचं नाही यासाठीच तिचा जन्म. आणि तिचा पुढचा इतिहास पाहिला, तर माणसांनी तिला आपलं ऐकायला कसं लावलं याच्याच गोष्टी त्यात सापडतात.

हाडं शिजवणारा पापँ

डेनिस पापँ हा फ्रान्समधल्या ब्लुआचा, जन्म १६४७चा. पॅरिसमध्ये त्याने हॉयगेन्सच्या हाताखाली काम केलं, मग लंडनला येऊन रॉबर्ट बॉइलबरोबर. तो प्रॉटेस्टंट होता, आणि १६८५मध्ये फ्रान्सने प्रॉटेस्टंटांना दिलेली मुभा काढून घेतल्यावर त्याला मायदेशी परतणं शक्य राहिलं नाही. १६७९मध्ये त्याने रॉयल सोसायटीपुढे एक जाड भिंतींचं, घट्ट झाकणाचं भांडं मांडलं. त्यात पाणी नेहमीपेक्षा जास्त तापायचं आणि गुरांची हाडं मऊ व्हायची. गरिबांना फुकट जाणाऱ्या हाडांतून पोषण मिळावं असा त्याचा हेतू होता. १२ एप्रिल १६८२ रोजी सोसायटीच्या सभासदांना या भांड्यात शिजवलेलं जेवण वाढलं गेलं, आणि रोजनिशीकार जॉन एव्हलिनने त्याची नोंद केली आहे.

हे भांडं म्हणजे आपल्या कुकरचा खापरपणजोबा. झाकणात अडकलेली वाफ भांडं फोडू शकते हे पापँला ठाऊक होतं. म्हणून त्याने झाकणाला भोक पाडलं, भोकावर एक टोपण ठेवलं, आणि टोपणावर एका टोकाला वजन टांगलेला दांडा टेकवला. १६८१च्या त्याच्या पुस्तकात हे वर्णन आहे. भोकाचं क्षेत्रफळ एक चौरस इंच, वजन पाच पौंड आणि दांड्याचा पल्ला दहापट असेल, तर पन्नास पौंडांचा जोर झाल्याशिवाय टोपण उचललं जाणार नाही. वजन आत-बाहेर सरकवलं की आकडा बदलतो, वाण्याच्या जुन्या काट्यासारखा.

कुकरच्या शिट्टीत दांडा नाही, बाकी गणित तेच. नळीचं भोक तीन मिलिमीटर व्यासाचं धरलं तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे सात चौरस मिलिमीटर भरतं. आत हवेच्या दाबाहून एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर जास्त दाब हवा असेल, तर त्या भोकावर सत्तर ग्रॅमच्या आसपास वजन पुरतं. तेवढ्या दाबाला पाणी साधारण १२० अंशांवर उकळतं आणि तूरडाळ वीस मिनिटांत शिजते. घरोघर रोज वाजणारी शिट्टी म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीचं पापँचं टोपण. तो स्वतः मात्र १७१३च्या सुमारास लंडनमध्ये दारिद्र्यात वारला.

दोन दोऱ्या

वाफेच्या इंजिनाच्या इतिहासात झडपेला दोरी बांधण्याच्या दोन गोष्टी आहेत. पहिली सगळ्यांना आवडते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूकमेनच्या इंजिनाच्या झडपा हातांनी उघडाव्या-मिटाव्या लागत. हम्फ्री पॉटर नावाच्या पोराला या कामावर ठेवलं होतं. त्याला कंटाळा आला, त्याने झडपांच्या मुठी दोऱ्यांनी इंजिनाच्या हलत्या तुळईला बांधल्या, आणि इंजिन आपलं आपण चालू लागलं. इतिहासकारांना ही दंतकथा वाटते. पण तिचा मोह असा की अ‍ॅडम स्मिथनेही १७७६च्या आपल्या ग्रंथात, नाव न घेता, खेळायला वेळ मिळावा म्हणून झडपेला दोरी बांधणारा पोरगा श्रमविभागणीच्या फायद्यांचं उदाहरण म्हणून दिला.

दुसरी गोष्ट खरी आहे. अमेरिकेत साउथ कॅरोलायनामधल्या रेल्वेवर 'बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्स्टन' नावाचं इंजिन धावत असे. १७ जून १८३१ रोजी ते उभं असताना सेफ्टीतून वाफ फुसफुसत होती. त्या आवाजाला वैतागून फायरमनने सेफ्टीचा दांडा दाबून धरला. काही कथनांत त्याने तो बांधला, काहींत तो त्यावर बसला. बॉयलर फुटला. फायरमन मेला, चालक भाजला. अमेरिकेतला इंजिनाचा हा पहिला बॉयलर-स्फोट मानतात.

हा प्रसंग अभियांत्रिकीच्या पुस्तकांत मूर्खपणाचा नमुना म्हणून येतो. फायरमन काळा होता आणि गुलाम होता, हे त्या पुस्तकांत असतंच असं नाही. त्याचं नाव तर बहुतेक ठिकाणी नसतं. आवाजाला तो वैतागला, हेही बाकीच्यांनी सांगितलेलं. तो सांगायला उरला नव्हता. त्याला कुणी वाफेचा दाब समजावून दिला होता का, सेफ्टी का फुसफुसते हे सांगितलं होतं का, हे कुणी विचारलेलं दिसत नाही. रेल्वेने त्यानंतर केलेली तजवीज बोलकी आहे. इंजिन आणि प्रवाशांचे डबे यांच्यामध्ये कापसाच्या गठ्ठ्यांनी भरलेला एक डबा जोडायला सुरुवात झाली. प्रवासी गठ्ठ्यांच्या मागे, फायरमन गठ्ठ्यांच्या पुढे.

दोन्ही गोष्टींत दोरी आहे, दोन्हींत कामाला जुंपलेला माणूस आहे. पहिल्याला आपण कल्पक म्हणतो, दुसऱ्याला अडाणी.

कुलूप

सेफ्टी दाबून ठेवण्याचं हे पहिलं उदाहरण नव्हतं. जेम्स वॅट जास्त दाबाच्या वाफेला घाबरून असे. त्याची इंजिनं हवेच्या दाबाच्या आसपासच चालत. कॉर्नवॉलच्या रिचर्ड ट्रेव्हिथिकने ती भीती झुगारली आणि लहान, जोरदार इंजिनं बनवली. १८०३मध्ये ग्रीनिचला त्याच्या एका इंजिनाचा बॉयलर फुटून चार माणसं मेली. ट्रेव्हिथिकच्या म्हणण्यानुसार इंजिन सांभाळणारा पोरगा मासे पकडायला निघून गेला होता, सेफ्टीचा दांडा अडकवून ठेवलेला होता, आणि दुसऱ्याच कुणी तरी इंजिन थांबवलं. वाफ खर्च होईना आणि तिला बाहेर पडायला वाटही नाही. वॅटच्या कंपनीने या अपघाताचा प्रतिस्पर्ध्याविरुद्ध पुरेपूर वापर केला. ट्रेव्हिथिकने पुढच्या बॉयलरांना दोन सेफ्टी बसवल्या, त्यांतली एकच चालवणाऱ्याच्या हाताला लागेल अशी. शिवाय तळाशी शिशाची गुडदी बसवली. पाणी कमी होऊन पत्रा तापला की ती वितळणार आणि वाफ भट्टीत सुटणार. कुकरच्या झाकणातला सेफ्टी प्लग तो हाच.

१८१७मध्ये नॉर्विचला एका आगबोटीचा बॉयलर फुटला आणि ब्रिटिश संसदेने समिती नेमली. समितीची शिफारस ट्रेव्हिथिकच्याच वाटेने गेली: प्रत्येक बॉयलरला दोन सेफ्टी असाव्यात, आणि एक इंजिनवाल्याच्या आवाक्याबाहेर असावी. इथे एक मोठा बदल झाला. तोपर्यंत शत्रू वाफ होती. आता यंत्राशेजारी उभा असलेला माणूसही संशयित ठरला.

रेल्वेत हा प्रश्न जास्त अवघड होता. धावत्या इंजिनाच्या हिसक्यांनी टांगतं वजन उडत राहतं, म्हणून वजनाऐवजी स्प्रिंग आली. पण तिची फिरकी चालकाच्या हाताशी असे. चढ आला, गाडी उशिरा असली, की एक आटा जास्त. उशिराचा जाब त्याला द्यावा लागे. न फुटलेल्या बॉयलरबद्दल त्याला कुणी शाबासकी देत नसे. लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या जॉन रॅम्सबॉटमने १८५५-५६च्या सुमारास यावर काढलेला तोडगा मला आजही देखणा वाटतो. त्याने दोन सेफ्टी शेजारी शेजारी उभ्या केल्या, दोन्हींच्या डोक्यांवर एकच आडवी पट्टी टेकवली, आणि पट्टीला मधोमध एका स्प्रिंगने खाली खेचून धरलं. चालकाने पट्टीचं टोक खाली दाबलं तर जवळची सेफ्टी घट्ट होते, पण लांबची तेवढीच सैल होऊन उघडते. टोक वर उचललं तर उलटं. तपासून पाहण्यासाठी उघडता येते, दाबून मात्र ठेवता येत नाही. चालकाचा अपमान न करता त्याचा हात निष्प्रभ करणारी ही रचना पुढे कित्येक दशकं इंजिनांवर टिकली.

मुंबई, कलकत्ता आणि एक रूपक

आपल्याकडे वाफ आणि सेफ्टी एकत्रच आल्या. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या गाडीला साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं होती, तिन्ही इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत बनलेली. त्यानंतर थोड्याच वर्षांत ताडदेवला कावसजी दावर यांची कापडगिरणी सुरू झाली आणि मुंबईच्या आकाशात चिमण्या उभ्या राहू लागल्या. प्रत्येक चिमणीखाली बॉयलर, बॉयलरवर सेफ्टी, आणि शेजारी कोळसा ओढणारा माणूस.

कायदा मात्र स्फोटानंतर आला. १८६३मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं मेली, आणि १८६४मध्ये बंगालने बॉयलर-तपासणीचा कायदा केला. मग एकेका प्रांताने आपापला केला. एका प्रांतात चालणारा बॉयलर दुसऱ्यात बेकायदा, असा गोंधळ झाल्यावर १९२३मध्ये देशभरासाठी एकच इंडियन बॉयलर्स अ‍ॅक्ट झाला. दाखल्यावर लिहिलेल्या दाबाला सेफ्टी उघडणार नाही अशी खोडी करणं हा त्यात गुन्हा ठरला. २०२५मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला.

याच काळात सेफ्टी आपल्या इतिहासलेखनातही शिरली. डिसेंबर १८८५मध्ये मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेस भरली. तिच्या स्थापनेमागचे अ‍ॅलन ह्यूम यांनी लोकांमधल्या साचत्या असंतोषासाठी सेफ्टी व्हॉल्व्हची उपमा वापरली होती. १९१६मध्ये लाला लजपतराय यांनी तीच काँग्रेसवर उलटवली: ही संस्था साम्राज्य वाचवण्यासाठी काढलेली झडप आहे. हा 'सेफ्टी व्हॉल्व्ह सिद्धांत' शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोचला. पुढे बिपन चंद्रांनी तो पुराव्यानिशी खोडून काढला. त्यांच्या मते संस्थापकांनी ह्यूमचा उपयोग विजेपासून इमारत वाचवणाऱ्या तारेसारखा केला. इंग्रज अधिकारी पुढे असला की सरकारचा रोष आपल्यावर कोसळणार नाही.

इतिहासाचा तो वाद बाजूला ठेवला तरी, यंत्राच्या बाजूने पाहणाऱ्या मला लजपतरायांची उपमा फार नेमकी वाटते. सेफ्टी वाफेच्या भल्यासाठी नसते, बॉयलरच्या भल्यासाठी असते. गिरणीचा आणि साम्राज्याचा काळ एकच असल्यामुळे ही गोष्ट त्यांच्या वाचकाला समजावून सांगावी लागली नसेल.

मामांची चिठ्ठी

कायदा असतो, कुलूपही असतं, तरी हात पोचतोच. मी काम केलेल्या एका कारखान्यात वाफेच्या एका भांड्यावरची सेफ्टी 'पास' होत होती. म्हणजे नीट न बसता सतत थोडी गळत होती. एकदा फेरी मारताना तिची फुसफुस थांबलेली दिसली. तिच्या खालचा हाताचा व्हॉल्व्ह कुणीतरी बंद केला होता. म्हणजे भांड्याला आता सेफ्टीच नव्हती. पाळीवर होते ते वयस्क ऑपरेटर. त्यांना सगळे मामा म्हणत.

"मामा, ही कुणी बंद केली?"

"मीच केली, साहेब."

"असं कसं चालेल? वरून दाब चढला तर?"

"तीन चिठ्ठ्या टाकल्यात मेंटेनन्सला. कुणी येत नाही. वाफ वाया जाते म्हणून बोलणी मला बसतात. बॅच थांबवली तरी बोलणी मलाच. तुम्ही लिहून द्या, आत्ता थांबवतो."

मी लिहून दिलं. बॅच थांबली, दुसऱ्या दिवशी सेफ्टी उतरवून तिची बैठक घासून आणली गेली. पुढच्या आठवड्यातल्या उत्पादनाच्या बैठकीत मात्र ते वाया गेलेले तास मामांच्या पाळीच्या नावावर मांडलेले होते.

मामांना दाब कळत नव्हता असं नाही. तो माझ्याहून त्यांना जास्त कळत होता. पण त्यांच्यावर दुसराही एक दाब होता, आणि त्यासाठी कुणी सेफ्टी बसवलेली नव्हती. ग्रीनिचचा पोरगा आणि चार्ल्स्टनचा फायरमन यांच्याबद्दल वाचताना मला मामा आठवतात. दांडा कुणी दाबला हे अपघाताच्या अहवालात लिहिलेलं असतं. त्याला तो दाबायला लावणारं काय होतं, यासाठी त्यात रकाना नसतो.

दिव्याने सांगितलेलं खोटं

विसाव्या शतकात माणसाला झडपेपासून लांब नेलं गेलं. तो आता नियंत्रण-कक्षात बसतो आणि झडपेची हालहवाल दिव्यांवरून ओळखतो. २८ मार्च १९७९च्या पहाटे चारच्या सुमारास अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीजकेंद्रात पाण्याचा एक पुरवठा थांबला, दाब चढला, आणि दाब सोडणारी झडप उघडली. इथवर सगळं बरोबर. दाब उतरल्यावर ती मिटायला हवी होती; ती उघडीच अडकली. अणुभट्टी थंड ठेवणारं पाणी तिच्यातून निघून जात राहिलं.

नियंत्रण-कक्षातला दिवा मात्र झडप बंद असल्यासारखा दिसत होता. कारण त्या दिव्याला झडपेची अवस्था कळतच नव्हती. झडपेला 'मीट' हा हुकूम गेला आहे, एवढंच तो सांगत होता. हुकूम सुटला म्हणजे काम झालं, असं मानणारा दिवा! आपल्या कचेऱ्यांत अशा दिव्यांची वाण नाही. कर्मचाऱ्यांना इतर खुणांवरून भट्टीत पाणी जास्त झाल्यासारखं वाटलं आणि त्यांनी आणीबाणीचं पाणी उलट कमी केलं. सुमारे दोन तास वीस मिनिटांनी त्या मार्गावरची दुसरी झडप बंद केली गेली. तोवर भट्टीच्या गाभ्याची वाताहत सुरू झाली होती, आणि अखेरीस जवळपास निम्मा गाभा वितळला. याच प्रकारची झडप ओहायोतल्या एका केंद्रात १९७७मध्ये अशीच उघडी अडकली होती. तिथे अनर्थ टळला, आणि टळल्यामुळेच तो इशारा इथल्या लोकांपर्यंत नीट पोचला नाही.

उघडली, पण कुणावर?

शेवटची गोष्ट भोपाळची, २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या रात्रीची. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीत सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट होतं. तिच्यात पाणी शिरलं. ते कसं शिरलं यावर कंपनी आणि इतर यांच्यात वाद आहे. शिरल्यावर काय झालं यावर नाही. अभिक्रिया भडकली, दाब चढला, आणि मध्यरात्रीनंतर टाकीची सेफ्टी उघडली.

सेफ्टीने आपलं काम चोख केलं. कुणी तिला बांधलेलं नव्हतं, ती अडकली नाही. दाब उतरल्यावर ती पुन्हा बसली. टाकी फुटली नाही. पापँच्या टोपणाकडून जी अपेक्षा होती ती तिने पूर्ण केली.

पण तिच्यातून सुटलेला वायू जिथे जायला हवा होता तिथे काय होतं? टाकी थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिन्यांपासून बंद होती. वायू धुऊन काढणारा मनोरा त्या घडीला कामाला सज्ज नव्हता. वायू जाळून टाकणाऱ्या ज्योतीकडे जाणाऱ्या नळीचा एक तुकडाच काढून ठेवलेला होता. पाण्याचे फवारे वायू निघत होता त्या उंचीपर्यंत पोचले नाहीत. सेफ्टी उघडली ती जयप्रकाशनगरच्या आणि आसपासच्या वस्त्यांतल्या झोपलेल्या माणसांवर. हजारो मेली, आणि जी वाचली त्यांतली अनेक आजही श्वासाला महाग आहेत.

विद्यार्थ्यांना सेफ्टी शिकवताना दोन आकडे सांगतात: कुठल्या दाबाला उघडणार, आणि तासाला किती किलो सोडणार. दोन्ही आकडे टाकीच्या बाजूचे आहेत. झडपेला मागचा दाब कळतो, पुढे कोण आहे ते कळत नाही. ते माणसांनी ठरवायचं असतं. आणि भोपाळमध्ये ते एकदम, एका रात्रीत ठरलं नव्हतं. आधी थंड करणारी यंत्रणा बंद केली, मग नळीचा तुकडा काढला, मग दुरुस्ती लांबवली. प्रत्येक वेळी कुठे तरी थोडा खर्च वाचला आणि कुणी तरी कागदावर सही केली.

ग्रीनिचपासून पुढे दीडशे वर्षं अभियंत्यांनी झडपेशेजारच्या गरीब माणसाचा हात तिच्यापर्यंत पोचू नये म्हणून डोकं लढवलं. कुलपं लावली, पट्ट्या जोडल्या, कायदे केले. त्यात चूक काही नव्हतं. त्यामुळे असंख्य जीव वाचले. पण बॉयलरपासून कितीतरी मैल दूर, टेबलाशी बसून झडपेच्या पुढची वाट बंद करणाऱ्या हातासाठी कुणी रॅम्सबॉटमसारखी पट्टी बनवलेली नाही, की ज्याने इकडे दाबलं तर तिकडे आपोआप उघडेल. तोपर्यंत कुठल्याही कारखान्याच्या भिंतीवरून बाहेर डोकावणारी सेफ्टीची नळी दिसली, की तिच्या तोंडासमोर कुणाची घरं आहेत ते पाहावं. झडप कुणाचं ऐकते याचं उत्तर बहुधा तिथूनच मिळतं.